हत्तीबागेतलं शून्य

“कुणाची वाट बघताय का?”

पहिल्या संध्याकाळी, पहिल्या पंधरा मिनिटांत, हा प्रश्न मला तिघांनी विचारला. आधी एक आजोबा, काठी टेकून माझ्या बाकासमोर थांबलेले. मग फुगेवाला. मग आमच्या कॉलेजातल्या क्लार्कची बायको. ती फेऱ्या मारत होती, त्यामुळे प्रश्न एका फेरीत विचारून उत्तर पुढच्या फेरीत घ्यायच्या बेताने ती पुढे निघून गेली.

“नाही,” मी तिघांनाही सांगितलं. “मोजतेय.”

“काय?”

“बायका.”

त्यानंतर फुगेवाला माझ्या बाकाला वळसा घालून जायला लागला.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. सोलापुरात आमच्या सोसायटीला लागून एक बाग आहे. तिचं खरं नाव कोनशिलेवर आहे, पण सगळे तिला हत्तीबाग म्हणतात, कारण मधोमध सिमेंटचा एक हत्ती आहे. पोरं शेपटीकडून चढतात आणि सोंडेवरून घसरतात. तेव्हा सोंडेचं टोक तुटलेलं होतं, त्यामुळे प्रत्येक पोर शेवटचा दीड फूट हवेतून जाऊन खाली आपटायचं, आणि लगेच पुन्हा शेपटीकडे पळायचं.

बागेला दोन दारं. पुढचं आमच्याकडे उघडतं. मागचं एका बोळात, आणि बोळ संपला की विडी कामगारांची वस्ती. वस्तीतल्या बायका घरी विड्या वळायच्या आणि दुपारनंतर त्या टोपलीत घालून कारखान्याच्या ब्रँचमध्ये द्यायला जायच्या. ब्रँच आमच्या बाजूला. बागेतून गेलं तर दहा मिनिटं. बाग टाळून जायचं तर हायवेला लागावं लागायचं, जिथून उसाचे ट्रक जायचे.

मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. बोलायचे कमी. एम.एस्सी.ला मी टिटव्यांवर काम केलं होतं. माणूस किती जवळ आला की टिटवी उडते, ते अंतर टेपने मोजायचं. दोन वर्षं मी माळावर टिटव्यांच्या दिशेने सावकाश चालत गेले आणि त्या उडाल्या की थांबून टेप लावली. यापलीकडे माझ्याकडे कसलंही खास कौशल्य नव्हतं. पण ही गोष्ट दुधनीकर अण्णांच्या कानावर गेली होती.

अण्णा म्हणजे आमच्या बाग सुधार समितीचे अध्यक्ष. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, मनाने फार चांगले आणि तितकेच घाबरट. एका रविवारी ते घरी आले. सासूबाईंनी पुढे ठेवलेला चिवडा त्यांनी बाजूला सारला, यावरून काम गंभीर आहे हे कळलं.

“मॅडम, आपल्याला आकडे पाहिजेत,” ते म्हणाले. “महापालिकेतले साहेब लोक आकड्याशिवाय हलत नाहीत ओ. भगिनींच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. कडबगावकर वहिनींच्या गळ्यातली पोत ओढली गेल्या महिन्यात, ठाऊक आहे ना?”

“कुठे?”

“पुढच्या दारापाशी.”

“मग करायचं काय ठरलंय?”

“मागचं दार कायमचं बंद.”

मी वाट बघितली. अण्णांना त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

“चोर मागच्या दारानं पळाला ना मॅडम,” त्यांनी समजावून सांगितलं. “आणि मागचे चार बाक काढायचे. तिथं कोण बसतं, कशाला बसतं, काही कळत नाही. बायका तर बसतच नाहीत. तेच सिद्ध करायचंय. तुम्ही सायन्सच्या. तुम्ही मोजा.”

त्यांनी तक्ता करूनच आणला होता. चार रकाने: बसलेले पुरुष, बसलेल्या स्त्रिया, मुले, संशयित.

“संशयित म्हणजे कोण?” मी विचारलं.

“बघितल्यावर कळतं की ओ.”

“व्याख्या लागेल.”

अण्णांनी आता चिवड्याची बशी जवळ ओढली. “कारण नसताना बसलेला माणूस,” ते विचार करून म्हणाले.

मी तो रकाना रिकामा ठेवायचं मनात ठरवलं आणि बाकीचं मान्य केलं. रोज साडेपाच ते सात. दर दहा मिनिटांनी एक नोंद. बसणे म्हणजे पाच मिनिटं किंवा जास्त, सोबत मूल नाही, बुटाची नाडी बांधणे वगैरे निमित्त नाही. आणि निघताना अण्णांना अजून एक गोष्ट सांगितली, कारण ती सांगायलाच हवी होती.

“एका निरीक्षकावर विसंबू नये, अण्णा. दुसरा हवा. आणि दोघांना एकमेकांची कल्पना नको.”

“का बरं?”

“नाहीतर एकाचं बघून दुसरा लिहितो.”

“वा!” अण्णा म्हणाले आणि खिशातल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी ते टिपून घेतलं. “बघतो कोण मिळतं ते.” पुढे ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

तर मी अकरा नंबरच्या बाकावर बसायला लागले. मागच्या चार बाकांतला हा एक, कडुनिंबाखालचा. तिथून दोन्ही दारं दिसायची. घरी काही अडचण आली नाही. “विज्ञानाचं काम आहे, जा बाई,” सासूबाई म्हणाल्या. रोज संध्याकाळी दीड तास घराबाहेर, आणि कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. वही दाखवली की झालं.

नोंदी सुरेख येत होत्या. बसलेले पुरुष सरासरी तीस. ते पसरून बसत, आडवे होत, पेपर तोंडावर घेऊन झोपत. एक गृहस्थ तर रोज बाकावर चप्पल काढून मांडी घालून बसत आणि कानात काडी घालत, अगदी घरच्यासारखे. बायका चाळीस-पंचेचाळीस, पण सगळ्या चालत्या. गोल गोल, तासभर, हातात कोथिंबिरीची पिशवी नाहीतर पोराचा हात. एखादी दमून बाकाच्या टोकाला टेकलीच तर शेजारच्या बाकावर पुरुष येऊन बसेपर्यंतच. मी सवयीने अंतराचा अंदाज घ्यायचे. अठरा फूट. टिटवीपेक्षा बरं, पण फार बरं नाही.

बसलेल्या स्त्रिया: शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. पाचव्या दिवशी शून्य. शास्त्रात इतकं स्वच्छ शून्य क्वचित मिळतं. मी मनातून खूश होते.

बागेला नवा वॉचमन आला होता, भीमाशा नावाचा, अक्कलकोटकडचा. तो दर अर्ध्या तासाने शिट्टी वाजवत फेरी मारायचा, माझ्या बाकापाशी आला की चाल मंद करायचा, आणि पुढे जाऊन हत्तीच्या पाठीवर रजिस्टर टेकवून काहीतरी लिहायचा. मला वाटलं, हजेरी लिहीत असेल.

चौथ्या दिवशी नरसम्मा आली.

साठीची, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. ब्रँचमध्ये विड्या देऊन घरी चालली होती. रिकामी टोपली तिने माझ्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आणि स्वतः कडुनिंबाला पाठ लावून उभी राहिली. मी घड्याळ बघितलं. पाच मिनिटं झाली. सात झाली. टोपली बसली होती, बाई उभी होती. तक्त्यात काय लिहावं कळेना.

“बसा ना,” मी म्हणाले.

“दिवसभर बसूनच असते की मडम. सुपापुढं. हजार बिडी होईपर्यंत बसायचं. आता जरा टेकते.” मग माझ्या वहीकडे बघून, “तुमी काय लिवता रोज? ब्रँचचे चेकर हाय का?”

“नाही. कोण बसतं, कोण नाही, ते लिहिते.”

“त्याचे काम असते?”

“असतं.”

“मज्जा हाय,” नरसम्मा म्हणाली आणि टोपली उचलून मागच्या दाराने गेली.

ती रोज यायला लागली. दहा मिनिटं टेकायची. कधी एकटी, कधी सोबत दोघी-तिघी, सगळ्यांच्या टोपल्या माझ्या बाकावर आणि त्या उभ्या. तिच्या बोलण्यातून मला कळलं की तिचा जावई गोड बोलतो आणि कामाला जात नाही, चेकरने परवा दोन मुठी विड्या उगाच बाद केल्या, आणि माझा नवरा नक्की चहा स्वतः करत असणार, नाहीतर मी रोज इतका वेळ इथे कशी.

“सासूबाई करतात,” मी म्हणाले.

“आँ! सासू चहा करते आणि सून बागेत बसते! मडम, ती वही कुठं मिळते सांगा. मला पण एक आणते.”

“वहीत काय आहे? कुणीही घेऊ शकतं.”

“तसं नसते. मी इथं बसली तर लोक म्हणते, रिकामी हाय. तुमी बसलं तर म्हणते, अभ्यास चालला.” ती हसली. “आमाला नुस्तं बूड हाय. तुमाला वही हाय.”

चौदाव्या दिवशी रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, “झालं ना तुझं? दोन आठवडे म्हणाली होतीस.”

“आकडे थोडे कमी पडतायत,” मी म्हणाले. “एकवीस दिवस करते.”

त्याने मान डोलवली. तो इंजिनियर आहे. आकडे कमी पडतात हे त्याला पटतं.

सतराव्या दिवशी पुढच्या दारावर पाटी लागली. ‘भगिनींच्या सुरक्षिततेसाठी मागील प्रवेशद्वार व मागील बाक लवकरच कायमस्वरूपी बंद करण्यात येतील. रविवारी सभा. सर्वांनी यावे.’ नरसम्माला वाचता येत नव्हतं, पण तिच्या सोबतच्या एकीला येत होतं. त्या दिवशी तिने टोपली बाकावर ठेवली नाही. डोक्यावरच राहू दिली.

“तुमच्या वहीनं दार बंद होते म्हणे.”

“वही फक्त मोजते, नरसम्मा.”

“मग मला मोजलं का?”

मी वहीचं पान उलटलं.

“सांगा की. रोज येते मी. आमी चाळीस जणी जातो या दारातनं. मोजलं?”

“तुम्ही बसत नाही ना,” मी म्हणाले. “तक्ता बसलेल्यांचा आहे. बसणे म्हणजे पाच मिनिटं…” वाक्य तोंडातून बाहेर पडतानाच मला ते कसंसंच वाटलं, पण ते सगळं बोलून झाल्यावरच मी थांबले.

नरसम्माने शांतपणे ऐकून घेतलं. “मागच्या साली हायवेला आमची एक सून ट्रकखाली येता येता वाचली,” ती म्हणाली. “टोपली गेली नुस्ती. सगळ्या बिडीचा भुगा.” मग जाता जाता, “चांगली हाय वही.”

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना गाठलं. दाराचा प्रश्न वेगळा आहे, त्याची नोंद माझ्या तक्त्यात नाही, असं काहीतरी म्हणाले. मी हळू बोलते. अण्णा मोठ्याने ऐकतात.

“मॅडम, तुमचं ते शून्य!” त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “लाखमोलाचं शून्य आहे ओ ते!”

रविवारी साडेपाचला हत्तीसमोर खुर्च्या मांडल्या. वीसेक पुरुष बसले. विषय भगिनींचा असल्यामुळे भगिनीही आल्या होत्या. त्या मागे उभ्या राहिल्या. पाच-सहा खुर्च्या रिकाम्या होत्या, त्यांवर त्यांनी पर्सा ठेवल्या. मागच्या दारापाशी टोपल्या घेऊन वस्तीतल्या बायका उभ्या होत्या, नरसम्मा सगळ्यांत पुढे. त्या आत आल्या नाहीत, बाहेरही गेल्या नाहीत. मी पहिल्या रांगेत, अण्णांच्या शेजारी. मांडीवर वही.

अण्णांनी प्रस्तावना थोडक्यात केली, म्हणजे वीस मिनिटं. मग म्हणाले, “एकवीस दिवस! रोज दीड तास! शास्त्रीय पद्धतीनं! आणि बसलेल्या स्त्रिया किती? मॅडम, तुमच्या तोंडून ऐकू द्या सगळ्यांना.”

“शून्य,” मी म्हणाले.

टाळ्या पडल्या. मागच्या बायकांनीही वाजवल्या. दारापाशी कुणी वाजवल्या नाहीत.

“आणि हे एकाचंच म्हणणं नाही बरं का,” अण्णांचा आवाज चढला. “शास्त्राला दुसरा साक्षीदार लागतो. हे मला मॅडमनीच शिकवलं. आणि दोघांना एकमेकांची कल्पना नको! म्हणून मी गुपचूप दुसरा नेमला. मॅडमना सांगितलं नाही. त्याला मॅडमचं सांगितलं नाही. बरोबर केलं ना, मॅडम?”

“बरोबर,” मी म्हणाले. पद्धत निर्दोष होती.

“भीमाशा! ये पुढं. वाच.”

भीमाशा रजिस्टर घेऊन आला. पेन्सिल सुतळीने रजिस्टरला बांधलेली. त्याने घसा साफ केला.

“तारीख तीन. बसलेले पुरुष एकोणतीस. बसलेल्या बाया एक. मुलं बावीस. संशयित एक.”

“एक?” अण्णा दचकले. “बाई एक आणि संशयित एक. दोघं जण?”

“न्हाई ओ. एकच हाय. दोन्हीकडं ल्हिलं.”

सभेतले सगळे खुर्चीत पुढे सरकले. संशयित बाई हा प्रकार सोसायटीत नवा होता.

“वर्णन आहे का?” कुणीतरी विचारलं.

“हाय की.” भीमाशाने पान जवळ धरलं. “बाई. एकटी. चष्मा. बाक नंबर अकरा. लेकरू नाही, पिशवी नाही. मान्सं बघती आन् ल्हिती. न्यायला कोन आलं न्हाई.” त्याने पान उलटलं. “तारीख चार. तीच. तारीख पाच. तीच, आज निळी साडी. तारीख सहा. तीच. टोपलीवाल्या बाईशी कुजबुज. टोळी असावी.”

पहिलं हसू मागच्या दारापाशी फुटलं. मग पर्सांच्या रांगेपर्यंत आलं. माझे कान तापले. मी वहीकडे बघत राहिले, जणू तिच्यात काही सापडेल.

“तारीख सात. तीच. तारीख आठ. तीच. चन्याची पुडी खाल्ली. तारीख नऊ…”

“अरे वेड्या!” अण्णा ओरडले. “त्या मॅडम आहेत आपल्या! मैंदर्गीकर मॅडम! प्रोफेसर!”

भीमाशाने माझ्याकडे बघितलं, मग रजिस्टरकडे, मग पुन्हा माझ्याकडे. “मला काय म्हाईत,” तो म्हणाला. “तुमीच म्हनलात, कारन नस्ताना बसली की ल्ही.”

“खोड ते! सगळं खोड. मॅडमचं सोडून वाच. म्हणजे पुन्हा शून्यच. दोन्ही आकडे जुळले! मंडळी, हे बघा, दोन्ही…”

भीमाशाने सुतळी ओढून पेन्सिल हातात घेतली.

“थांबा,” मी म्हणाले.

मी उभी राहिले होते. सोसायटीच्या सभेत मी त्याआधी कधी बोलले नव्हते. पाणीपट्टीच्या वेळीसुद्धा नाही.

“खोडता येणार नाही,” मी म्हणाले. “त्यांचा आकडा बरोबर आहे. माझा चुकला.”

“कसा काय? तुम्ही तर कामासाठी बसला होता!”

“चौदा दिवस.”

अण्णा बोटांवर मोजायला लागले.

“चौदा दिवसांत आकडे पुरे झाले होते,” मी म्हणाले. “त्याच्यानंतरच्या नोंदींनी सरासरीत काही फरक पडत नव्हता. मला ते माहीत होतं. शेवटचे सात दिवस मी नुसती बसले. वही उघडी ठेवून. तेव्हा व्याख्येप्रमाणे मला धरायला हवं. बसलेल्या स्त्रिया: एक. रोज.”

तिसऱ्या रांगेत माझा नवरा वळून सासूबाईंकडे बघत होता. सासूबाई हत्तीकडे बघत होत्या.

“पण… का?” अण्णांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी कारण शोधलं. अण्णांच्या व्याख्येप्रमाणे ते असायलाच हवं होतं, नाहीतर मी संशयित.

“आवडलं म्हणून,” मी म्हणाले.

सोंडेवरून एक पोर सुटून धप्प पडलं.

“दहा शहाणे नदी ओलांडतात, तशातली गत झाली ही,” मागून कडबगावकर वहिनी म्हणाल्या. “प्रत्येक जण मोजतो आणि नऊच भरतात. स्वतःला कुणी धरतच नाही.” मग त्या खुर्च्यांच्या बाजूने पुढे आल्या. ज्यांची पोत ओढली गेली होती त्याच या वहिनी, आणि आत्तापर्यंत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. “अण्णा, माझी पोत मला परत कुणी आणून दिली, ठाऊक आहे?”

“पोलिसांनी ना?”

“पोलिसांनी! पोलीस आले तेव्हा पोत गळ्यात होती माझ्या. चोर मागच्या दारानं पळाला खरा. पण तिथं या बायका उभ्या होत्या. ह्यांनी टोपल्यांनी बडवला त्याला. पोत टाकली त्यानं. एक चप्पलही.”

“एकच मिळाली,” दारातूनच नरसम्मा म्हणाली. “एका पायात दुसरी घेऊन पळाला हरामखोर.”

“मग तुम्ही हे आधी का नाही सांगितलं, वहिनी?” अण्णांनी विचारलं.

“तुमच्या तक्त्यात रकाना नव्हता.”

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, परत घातला. मी म्हटलं होतं ना, मनाने ते फार चांगले होते. घाबरट माणसाला एकदा घाबरायची नेमकी जागा कळली की तो शूर होतो.

“मॅडम,” ते म्हणाले, “आता काय करायचं म्हणता?”

“पुन्हा मोजू,” मी म्हणाले. “मागच्या दारातून किती जणी जातात, किती थांबतात. नवा तक्ता.”

“किती दिवस?”

“एकवीस. कमीत कमी.”

“आणि तोपर्यंत दार?”

“उघडं. बंद दारातून काय मोजणार?”

“बाक?”

“निरीक्षकांना बसायला लागेल, अण्णा.”

“निरीक्षकांना म्हणजे? किती आहेत?”

मी उत्तर द्यायच्या आत नरसम्मा आत आली. दारातून हत्तीपर्यंत, सगळ्यांच्या देखत, टोपली काखेत घेऊन. “वह्या आणा म्हणावं,” ती म्हणाली. “आमी चाळीस हाय.”

वह्या कुणी आणून दिल्या नाहीत. जिने तिने आपापल्या आणल्या. दुसऱ्या संध्याकाळी कडबगावकर वहिनी रेशनकार्ड घेऊन बाकावर बसल्या आणि तासभर ते वाचल्यासारखं करत होत्या. क्लार्कच्या बायकोने पाककृतींची वही आणली. वस्तीतल्या एकीने नातवाची बाराखडी. आणि नरसम्माने विडी बांधायचा गुलाबी दोरा. दारातून एक बाई गेली की ती दोऱ्याला एक गाठ मारायची. पंचवीस गाठी झाल्या की एक मोठी गाठ, विडीच्या कट्ट्याच्या हिशोबाने. शहराच्या कुठल्याही कचेरीत इतकी नेटकी नोंद नसेल.

त्या दिवशी तिने पहिल्यांदा टोपली खाली जमिनीवर ठेवली आणि माझ्या शेजारी बसली. पाय वर घेऊन, ऐसपैस. शेजारच्या बाकावर तो कान कोरणारा गृहस्थ येऊन बसला. अंतर अठरा फुटांच्या आत होतं. नरसम्माने त्याच्याकडे बघितलं. त्याने काडी खिशात ठेवली आणि पाय खाली सोडले.

भीमाशाला नवीन सूचना द्यायची अण्णा विसरले, त्यामुळे तो जुन्या हुकुमाप्रमाणे लिहीत राहिला. संशयित तीन. संशयित आठ. संशयित चौदा, पैकी दोघी झोपलेल्या. सतरापर्यंत गेल्यावर एके दिवशी त्याने रजिस्टर मिटलं आणि माझ्यापाशी येऊन म्हणाला, “मडम, रकाना भरला.”

अण्णा दर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन यायचे आणि विचारायचे, “झालं का ओ सर्वेक्षण?” मी म्हणायचे, “आकडे अजून थोडे कमी पडतायत.” ते मान डोलवायचे. त्यांच्या शेवटच्या दिवाळीला त्यांनी विचारण्याऐवजी स्वतःच सांगितलं, “कमी पडत असतील ना? पडू द्या.” अहवाल आजपर्यंत दिलेला नाही. मागचं दारही उघडंच आहे.

नरसम्मा सहा वर्षांपूर्वी गेली. तिच्या दोऱ्याची गुंडाळी माझ्या टेबलाच्या खणात आहे, टिटव्यांच्या वह्यांशेजारी.

गेल्या महिन्यात मी अकरा नंबरच्या बाकावर बसले होते. हत्तीची सोंड आता दुरुस्त झालीय, पोरं अलगद उतरतात आणि त्यात त्यांना पूर्वीइतकी मजा येत नसावी. एक नवा वॉचमन आला. तरुण, नवीकोरी वर्दी.

“कुणाची वाट बघताय का, मावशी?”

“नाही.”

“मग काही काम होतं?”

“बसलेय.”

तो दोन क्षण घुटमळला आणि शिट्टी वाजवत पुढे गेला. मी चष्मा नीट केला. वही घरीच होती, पण सवय जात नाही. हत्तीपाशी दोघी, एक कॉलेजची मुलगी आडवी होऊन पुस्तक वाचणारी, मागच्या दारापाशी तिघी, कारंज्याच्या कठड्यावर बुरख्यातली एक, शेंगा सोलणारी. सात.

नळावर हात धुवायला उठले, परत येऊन बसले, आणि तेव्हा आठवलं. आठ.